लाख आणि लॅथिरस प्रजातीच्या ओळखीचा इतिहास

लाख : (लाखोरी, हिं. खेसारी, तिवरा, सं. त्रिपुट, लॅ. लॅथिरस सॅटिव्हस, कुल–लेग्युमिनोजी, उपकुल–पॅपिलिओनेटी). नागपूर जिल्ह्याचा पूर्व भाग तसेच भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या भातपट्ट्यातील जिल्ह्यांत पिकविले जाणारे हे एक कडधान्य असून त्याची डाळ दीर्घकाळ व मोठ्या प्रमाणावर खाल्ल्यास पायांचा असाध्य लुळेपणा येतो, अशी त्याची ख्याती आहे. या विकारास लॅथिरिझम म्हणतात. विकाराचे कारण निश्चित होण्यास विज्ञानाला शतकाहून अधिक काळ लागला. या विलंबाचे एक प्रमुख कारण वनस्पतींच्या ओळखीतील घोटाळा हे होते. शेतात उगवणारी लाख, तिच्यात मिसळून वाढणारे अकरा हे तण आणि भूमध्य समुद्रातील सिसिली बेटावरून आलेली स्वीट पी ही शोभेची वेल या तीन वनस्पती दिसण्यात एकमेकींच्या जवळच्या आहेत. परंतु त्यांच्या बियांतील विषारी द्रव्ये अगदी वेगळी आहेत. एकीचे गुणदोष दुसरीवर लादले गेल्याने लाखेवरील संशोधन वेळोवेळी आडवळणाला लागले.

वनस्पतिवैज्ञानिक परिचय : लॅथिरस प्रजातीत सु. १६० जाती असून त्यांपैकी बहुसंख्य उत्तर गोलार्धातील समशीतोष्ण प्रदेशांत व विशेषतः भूमध्य सामुद्रिक प्रदेशात आढळतात. लाख ही वर्षायू, जमिनीवर पसरणारी वा आधाराने चढणारी ओषधी आहे. खोड चौधारी व सपक्ष. पाने संयुक्त, बहुधा दोन लांबट, अरुंद दलांची व टोकास तणावा असलेली. फुले पतंगरूप, एकेकटी, पानांच्या बगलेत येणारी, भारतीय वाणांत बहुधा निळी, क्वचित तांबूस वा पांढरी. शेंग चपटी व वरच्या कडेस दोन अरुंद पंखांसारख्या धारा असलेली. बिया पाचरीच्या आकाराच्या व कोनयुक्त असतात.

स्वीट पी (लॅ. लॅथिरस ओडोरेटस) हिचे खोडही सपक्ष असते; परंतु ती अंगभर लवदार असून दले अंडाकृती व रुंद, फुले एका दांड्यावर एक ते चार, मोठी व अतिशय सुवासिक आणि शेंगा केसाळ असतात. अकरा (हिं. अंकरी, अकटा, लॅ. व्हिसिया सटायव्हा) ही वनस्पती निराळ्या प्रजातीतील आहे. तिचे खोड पंखहीन असून पानावर दलांच्या तीन ते आठ जोड्या असतात. जांभळट फुले जवळजवळ बिनदेठाची असून पानांच्या बगलेत एकेकटी वा जोडीने येतात आणि बिया गोलसर असतात. फुलोरा नसताना या दोन प्रजातींतील फरक दलांच्या संख्येवरून व खोडावरून कळतो. फुले असल्यास किंजल पाहणे अधिक विश्वसनीय ठरते. लॅथिरसमध्ये किंजल चपटे व आतील बाजूस लवदार असते, तर व्हिसियामध्ये त्याच्या टोकाजवळ केसांचा झुपका असतो. रब्बी पिकांत आढळणारे लॅथिरस अफाका हे तण मात्र सहज ओळखू येते. त्याची फुले पिवळी असून पानांच्या जागी केवळ तणावे व पानांसारखी मोठी उपपर्णे असतात.

सिसिलीतील वन्य वेल : या प्रजातीतील जातींची ओळख पटविण्यात कशा अडचणी येतात, हे स्वीट पीच्या इतिहासावरून दिसून येते. फ्रान्सिस्को कुपानी (१६५७–१७१०) हा फ्रान्सिस्कन पंथाचा साधू पालेर्मोजवळील मिसिल्मेरी येथील कात्तोलिकाच्या राजपुत्राच्या वनस्पतिउद्यानाची व्यवस्था पाहत असे. त्याने १६९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उद्यानसूचीत सिसिलीच्या अनेक वनस्पतींची नोंद केली. जांभळट तांबडी पताका, निळसर पंख व तीव्र सुगंध असलेल्या या वन्य वेलीचे बी त्याने १६९९ मध्ये इंग्लंडमधील एन्फील्ड येथील रॉबर्ट युव्हडेल याच्याकडे व ॲम्स्टरडॅमच्या कास्पार कॉमेलीन याच्याकडे पाठविले. कॉमेलीनने १७०१ मध्ये तिचे चित्र छापले आणि त्यामुळे तिची ओळख यूरोपभर पसरली.

तथापि तिच्या मूलस्थानाविषयी लवकरच संभ्रम निर्माण झाला. योहानेस बुर्मान याने १७३७ मध्ये सिंहलद्वीपाच्या वनस्पतींवरील ग्रंथात अशाच एका वेलीची नोंद केली. लिनीअस याने १७५३ मध्ये या जातीस आजचे द्विपद नाव दिले, तेव्हा तिचे ‘सिसिलीचा’ व ‘सिंहलद्वीपाचा’ असे दोन प्रकार मानले. सिंहलद्वीपात ही वेल वन्य अवस्थेत कोणासही आढळली नाही व पुढे ते मूलस्थान चुकीचे ठरले. ती मूळची सिसिली व दक्षिण इटलीचीच होय, असे आता मानले जाते. बागेतून बागेत जाणाऱ्या बियांबरोबर मूळ नमुना व संकलनस्थळाची नोंद न राहिल्यास केवढी गफलत होते, याचे हे एक जुने उदाहरण आहे. पुढे विसाव्या शतकात हीच वेल लाखेच्या संशोधनात पुन्हा संभ्रमास कारणीभूत झाली.

भारतातील लाख : नर्मदाकाठी माहेश्वरजवळील नवडाटोली येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात मिळालेल्या ताम्रपाषाणयुगीन धान्यांत विष्णु-मित्रे यांनी लाखेचे दाणे ओळखले. म्हणजे या कडधान्याचा मध्य भारताशी संबंध तीन हजार वर्षांहून जुना आहे. सुश्रुतसंहितेत कलायखंज नावाच्या वातविकाराचे वर्णन आहे. त्यात रोगी चालू लागताना कापतो व लंगडत चालतो, असे सांगितले आहे. ‘कलाय’ या शब्दाचा अर्थ काहींनी वाटाणा, तर काहींनी लाख असा केला असल्याने येथेही वनस्पतीच्या ओळखीचा प्रश्न उरतोच. सोळाव्या शतकातील भावप्रकाश या ग्रंथात मात्र त्रिपुट हे धान्य लंगडेपणा व पांगळेपणा आणते असे स्पष्ट म्हटले आहे.

आधुनिक काळातील पहिली तपशीलवार नोंद विल्यम हेन्री स्लीमन याच्या १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनपर ग्रंथात आढळते. सागर भागातील एका गावाच्या परिसरात १८२९ मध्ये गारपिटीने, १८३० मध्ये अवर्षणाने व १८३१ मध्ये तांबेऱ्यासारख्या रोगाने रब्बीची पिके गेली. गव्हात आपोआप उगवणारा तिवरा तेवढा तगला व लोकांनी तोच धान्य म्हणून खाल्ला. १८३३ पासून तिशीच्या आतील स्त्री-पुरुषांचे कमरेखालील अंग एकाएकी लुळे पडू लागले आणि त्या गावातील सु. निम्मी तरुण मंडळी दोन वर्षांत या विकाराने ग्रासली. स्लीमनने या वनस्पतीस न पेरता येणारे, गुरांसाठी राखलेले रानटी कडधान्य म्हटले असून लॅथिरस सॅटिव्हस हे तिचे शास्त्रीय नावही दिले आहे.

सागर-नर्मदा प्रदेश व नागपूर प्रांत एकत्र करून १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली आणि नागपूर त्याची राजधानी बनले. त्यामुळे या विकाराच्या सरकारी चौकशीचे केंद्रही नागपूर झाले. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतात लुळेपणाचे रोगी मोठ्या संख्येने आढळले. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अँड्रू ब्यूकॅनन यांनी १८९६ ते १९०२ या काळातील रोग्यांविषयी तयार केलेला अहवाल १९०४ मध्ये नागपूर येथे छापला गेला. या विषयावरील भारतातील आरंभीच्या महत्त्वाच्या साधनांत त्याची गणना होते. याच सुमारास नागपूरच्या शेतकी खात्यात वनस्पतींच्या शास्त्रशुद्ध नोंदीस प्रारंभ झाला. आर्. जे. डी. ग्रॅहॅम यांनी नागपूर व तेलंगखेडी येथील कृषिक्षेत्रांवरील वन्य वनस्पतींची यादी १९११ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे एन्. आर्. उगेमुगे यांचा नागपूर जिल्ह्याच्या वनश्रीवरील ग्रंथ १९८६ मध्ये निघाला. पिकातील तण नावानिशी ओळखता येणे किती निकडीचे आहे, हे मधल्या काळात लाखेच्या प्रश्नाने दाखवून दिले होते.

रोगाचे नाव : यूरोपातही हा विकार जुना होता. सतत कडधान्य खाणाऱ्या लोकांचे पाय दुर्बळ झाल्याची नोंद हिपॉक्राटीझच्या नावावरील लेखनात आहे. जर्मनीतील व्युर्टेंबर्ग येथे १६७१ मध्ये लाखेचे पीठ पावात वापरण्यास मनाई करण्यात आली होती. स्पॅनिश चित्रकार गोया याने माद्रिदच्या १८११-१२ मधील दुष्काळावरील एका मुद्राचित्रात या धान्याच्या लापशीवर जगणारे लोक दाखविले आहेत. नेपल्सचे आर्नाल्दो कांतानी यांनी १८७३ मध्ये या विकारास लॅथिरिझम हे नाव दिले. हे नाव एका जातीवरून न देता संपूर्ण प्रजातीवरून दिलेले असल्याने, प्रजातीतील कोणतीही जाती खाऊन झालेल्या कोणत्याही विकारास तेच नाव लागू लागले. भारतातून इंग्लंडमध्ये ‘मटर’ या नावाने गेलेल्या लाखेमुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील घोड्यांना बाधा झाल्याची उदाहरणेही प्रसिद्ध झाली. व्यापारी नाव वाटाण्याचे व माल लाखेचा, असा हा प्रकार होता.

अकऱ्यावरील आरोप : रोगी लाख खात होते हे निर्विवाद असले, तरी प्राण्यांना लाख खाऊ घालून तोच विकार उत्पन्न करणे संशोधकांना जमत नव्हते. त्यामुळे दोष लाखेचा नसून तिच्यात मिसळलेल्या दुसऱ्या बियांचा असावा, अशी शंका घेण्यात आली. एल्. ए. पी. अँडरसन, ॲल्बर्ट हॉवर्ड व जे. एल्. सायमनसन यांनी १९२५ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी बाजारातील लाख निवडून तिच्यातील निरनिराळ्या बिया वेगळ्या केल्या व शुद्ध लाख स्वतंत्रपणे पिकवून बदके व माकडे यांना खाऊ घातली. शुद्ध लाखेने त्यांना बाधा झाली नाही. उलट अकऱ्याच्या बियांनी मात्र झाली. या बियांत व्हिसीन हे द्रव्य व सायनाइड मुक्त करणारे एक ग्लायकोसाइड त्यांना मिळाले. यावरून लॅथिरिझमचे खरे कारण अकरा हे तण होय, असा निष्कर्ष काढण्यात आला.

या प्रयोगाची पद्धत उत्तम होती. बियांची नुसती नावे न घेता त्या पेरून आलेली रोपे तपासण्याचा पायंडा त्याने पाडला. निष्कर्ष मात्र चुकीचा ठरला. कारण बदकांतील बाधा व माणसातील लुळेपणा हे एकच विकार आहेत, हे गृहीत धरलेले होते. ग्लासगोचे राल्फ स्टॉकमन यांनी विष लाखेच्या बियांतच असल्याचे मत १९२९ मध्ये मांडले. तरीही अकरा निवडून टाकला की लाख निर्धोक होते, ही समजूत काही काळ टिकून राहिली. शेतमजुराच्या दृष्टीने ती धोक्याची होती. मजुरी धान्याच्या रूपाने मिळत असल्याने लाख खावी की न खावी हे तो ठरवीत नव्हता, आणि निवडलेली लाखही त्याला तितकीच बाधक होती.

अकरा मात्र पूर्णपणे निर्दोष आहे, असेही नाही. त्याच्या बियांत बीटा-सायनोॲलॅनीन हे विषारी द्रव्य असल्याचे शार्लट रेस्लर यांनी १९६२ मध्ये दाखविले. त्याची सोललेली नारिंगी डाळ मसुरीसारखी दिसते. ऑस्ट्रेलियातून अशी डाळ मसुरीच्या नावाने निर्यात होत असल्याकडे १९९२ मध्ये लक्ष वेधण्यात आले, तेव्हा ओळखीचा हा जुना प्रश्न पुन्हा पुढे आला.

स्वीट पीचा संभ्रम : अमेरिकेत गायगर, स्टीनबॉक व पार्सन्स यांनी १९३३ मध्ये उंदरांना स्वीट पीच्या बिया खाऊ घातल्या. त्यांच्या पाठीचा कणा वाकला, हाडे विकृत झाली व पाय अधू झाले. पाय अधू होणे हे साम्य व लॅथिरस हे नाव यांमुळे या विकारासही लॅथिरिझम म्हणण्यात आले. स्वीट पीचे बी सहज उपलब्ध होते व परिणाम खात्रीने मिळत असे. म्हणून पुढील वीस वर्षे बरेचसे प्रायोगिक संशोधन याच वेलीवर झाले. शिलिंग व स्ट्राँग यांनी १९५४ मध्ये तिच्यातील कारक द्रव्य वेगळे काढले. ते बीटा-ॲमिनोप्रोपिओनायट्राइल या संयुगाचे अनुजात होते. हे संयुग संयोजी ऊतकातील कोलॅजन तंतूंची परस्परबंधने होऊ देत नाही. त्यामुळे हाडे, कास्थी व रोहिण्यांच्या भित्ती दुर्बळ होतात. लाखेच्या बियांत मात्र ते आढळले नाही आणि मध्य भारतातील रोग्यांच्या मज्जारज्जूतील विकाराशी त्याचा काहीच संबंध नव्हता.

हान्स सेली यांनी १९५७ मध्ये या दोन विकारांना अनुक्रमे अस्थिलॅथिरिझम व तंत्रिकालॅथिरिझम अशी वेगळी नावे दिली आणि हा गुंता सुटला. सिसिलीच्या वेलीवरील संशोधन वाया गेले असे म्हणता येत नाही. त्यातून संयोजी ऊतकाच्या जीवरसायनविज्ञानास मोलाची माहिती मिळाली. परंतु लाख खाऊन पंगू झालेल्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्या वेलीत नव्हते.

लाखेतील विषाचा शोध : बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील एस्. एल्. एन्. राव, पी. आर्. अडिगा व पी. एस्. सर्मा यांनी आणि स्वतंत्रपणे दिल्ली विद्यापीठातील मूर्ती, टी. आर्. शेषाद्री व वेंकिटसुब्रमणियन यांनी १९६४ मध्ये लाखेच्या बियांतून एक नवे ॲमिनो अम्ल वेगळे केले. बीटा-एन-ऑक्झॅलिल-अल्फा, बीटा-डायॲमिनोप्रोपिऑनिक अम्ल असे त्याचे नाव असून संक्षेपाने त्यास ओडॅप म्हणतात. त्याच्या अंतःक्षेपणाने (टोचण्याने) एक दिवस वयाच्या कोंबडीच्या पिलांना झटके येतात. प्रौढ उंदरांवर मात्र त्याचा सहजासहजी परिणाम होत नाही. पूर्वीचे अनेक प्रयोग का फसले याचा यामुळे उलगडा झाला. हे अम्ल ग्लुटामेट या तंत्रिकाप्रेषकाची नक्कल करून प्रेरक तंत्रिका कोशिकांना अतिरिक्त उत्तेजन देते व त्यामुळे त्या नष्ट होतात. पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर पडतात. रोगी प्रथम काठीशिवाय, मग एका व पुढे दोन काठ्यांच्या आधाराने चालतो व अखेर सरपटू लागतो. बुद्धी व संवेदना शाबूत राहतात. आहारातील बराच मोठा भाग सलग काही महिने लाखेचा असल्यासच हा विकार होतो. म्हणून तो प्रामुख्याने दुष्काळात आणि गरीब मजुरांत दिसून आला.

हैदराबाद येथील पोषणविषयक प्रयोगशाळेतील मोहन, नागराजन व सी. गोपालन यांनी १९६६ मध्ये लाख गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून देण्याच्या व उकडण्याच्या सोप्या पद्धती सुचविल्या. ओडॅप पाण्यात विरघळत असल्याने त्याचा बराच भाग अशा प्रकारे निघून जातो.

कायदा व बाजारातील ओळख : अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत १९६१ मध्ये केलेल्या तरतुदीने लाख व तिचे मिश्रण यांच्या विक्रीवर बंदी घालण्याची सोय झाली. लागवडीवर मात्र तशी सार्वत्रिक बंदी नव्हती; त्यामुळे पिकलेला माल तूर व हरभऱ्याच्या डाळीत आणि बेसनात मिसळला जाऊ लागला. अखंड दाणा पाचरीच्या आकारावरून ओळखता येतो; डाळीच्या कडा तिरप्या व कोनयुक्त असतात, तर तूर व हरभऱ्याच्या डाळींचा आकार गोलसर असतो. डाळीचा नमुना सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लात घालून गरम पाण्यावर सु. पंधरा मिनिटे ठेवल्यास व गुलाबी रंग आल्यास लाख असल्याचे समजतात.

पूर्व विदर्भात लाखेचे स्थान टिकून राहण्यास शेतीची रीत कारणीभूत आहे. भात कापणीस येण्यापूर्वी बांधीतील ओलाव्यावर उभ्या पिकातच लाख फोकून देतात. या पद्धतीस उतेरा म्हणतात. नांगरट, खत वा पाणी यांपैकी काहीही न देता हे पीक येते, जमिनीस नत्र मिळते व गुरांना चारा होतो. दाण्यात प्रथिनांचे प्रमाण शेकडा २५ हून अधिक असते. अवर्षणात इतर पिके बुडाली तरी लाख तगते. हाच तिचा गुण व हेच तिच्यापासून होणाऱ्या धोक्याचे कारण होय.

बंदीमुळे लहान शेतकऱ्यांचे हक्काचे कडधान्य हिरावले जाते, अशी भूमिका घेऊन नागपूर येथील ॲकॅडेमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट या संस्थेने व तिचे शांतिलाल कोठारी यांनी ती उठविण्यासाठी दीर्घकाळ चळवळ केली. महाराष्ट्र शासनाने २००८ मध्ये राज्यातील बंदी मागे घेतली. केंद्रीय अन्नसुरक्षा नियमांत मात्र २०११ मध्येही विक्रीवरील निर्बंध कायम ठेवण्यात आले. दरम्यान नवी दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने पुसा-२४ व त्यापासून ऊतकसंवर्धनाने मिळविलेला रतन, तर रायपूरच्या कृषी विद्यापीठाने प्रतीक व महातिवडा हे ओडॅपचे प्रमाण कमी असलेले वाण विकसित केले. रतन, प्रतीक व महातिवडा यांना भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेने २०१६ च्या प्रारंभी अनुकूलता दर्शविली. गोंदिया जिल्ह्यातील २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लोकांच्या आहारातील लाखेचे प्रमाण पूर्वीपेक्षा घटल्याचे दिसून आले.

या वाणांनी ओळखीचा प्रश्न नव्या स्वरूपात पुढे आणला आहे. तीन वेगळ्या वनस्पतींतील भेद फुले, दले व किंजल पाहून सांगता येतो. परंतु कमी विषाचा व अधिक विषाचा वाण यांचे दाणे नुसत्या डोळ्यांनी खात्रीने वेगळे करता येत नाहीत. शिवाय मधमाश्यांमुळे परपरागण होऊन वाणांची सरमिसळ होते आणि ओडॅपचे प्रमाण जमीन व अवर्षण यांनुसारही बदलते. म्हणून शुद्ध बियाण्याचा पुरवठा, त्याची वेळोवेळी रासायनिक तपासणी आणि प्रत्येक प्रयोगाबरोबर वनस्पतीचा फुलाफळांसह वाळविलेला नमुना वनस्पतिसंग्रहात जतन करणे या गोष्टी आवश्यक आहेत. ज्या बियांनी प्रयोग केला त्यांचे रोप नंतर तपासता आले, तरच त्या प्रयोगाचा निष्कर्ष लाखेस लागू करता येतो.